फोर बाय फोर पिकअप: ओढ मोजा, पकड विकत घ्या

मालेगावातून माल घेऊन निघालेल्या पिकअपला एकाच दिवसात तीन निरनिराळे रस्ते भेटतात. मोसम खोऱ्यातल्या एखाद्या शिवारात ती कांदा किंवा डाळिंब भरते तेव्हा खाली पाणंद असते. पावसाळ्यात त्या काळ्या मातीत चालताना माणसाचा पायही सुटत नाही. तिथून मुंगसे किंवा उमराण्याच्या बाजारात जायचे म्हणजे डांबरी सडक. भाव पाहून माल पिंपळगाव बसवंतला न्यायचा ठरला, तर मुंबई-आग्रा महामार्गावर चांदवडच्या अलीकडे राहुड घाट चढावा लागतो. उत्तरेला साक्री-पिंपळनेरकडे जाणाऱ्यांच्या वाटेत शेलबारी घाट आहे आणि कळवणकडे वळले की सप्तशृंगीचे डोंगर. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या कसमादे पट्ट्यात फोर बाय फोर पिकअप घेण्याचा विचार करणाऱ्याला हे तिन्ही रस्ते एकाच गाडीत बसवायचे असतात. त्यामुळे बोलेरो कॅम्परसारखी कामाची गाडी असो, इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्ससारखी महागडी असो, नाहीतर जुनी घेऊन दुरुस्त केलेली असो, गॅरेजमध्ये एक सल्ला हमखास मिळतो: क्राऊन-पिनियन बदला, गाडी ओढायला लागेल. पैसे मोजण्याआधी हा सल्ला हिशेबाने तपासायला हवा. ओढ आणि पकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्राऊन-पिनियन फक्त ओढ वाढवते आणि आपल्याकडच्या गाड्या बहुतेक वेळा अडकतात त्या पकड सुटल्यामुळे.

मागच्या एक्सलच्या मधोमध जो गोल फुगवटा दिसतो, त्या हौसिंगमध्ये दोन कामे चालतात. पहिले काम क्राऊन-पिनियनचे. गिअरबॉक्सकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट लहान पिनियनला फिरवतो, पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवते आणि त्यात वेग घटून जोर वाढतो. दुसरे काम खऱ्या अर्थाने डिफरन्शियलचे, म्हणजे क्राऊनला जोडलेल्या पिंजऱ्यातल्या स्टार पिनियन आणि साइड गिअर यांचे. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते आणि आतल्याला कमी. दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देऊन जोर मात्र सारखा वाटायचा, ही युक्ती फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर यांनी १८२७ साली वाफेच्या गाडीसाठी मांडली आणि आजच्या पिकअपमध्येही तीच आहे. ‘जोर सारखा वाटायचा’ हे शब्द लक्षात ठेवावेत, कारण चिखलातला सगळा घोळ त्यातूनच सुरू होतो.

आधी पहिले काम पाहू. क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात, एवढाच तो आकडा. ४१ ला १० म्हणजे ४.१ आणि ३९ ला ८ म्हणजे जवळपास ४.८८. चाकाच्या एका फेरीसाठी शाफ्टला तितक्या फेऱ्या माराव्या लागतात. मालेगावकराला हे समजायला जड जाऊ नये. यंत्रमागावर कापड गुंडाळून घेणाऱ्या टेक-अपमध्ये एक बदलते दातेरी चाक असते आणि त्याच्या दातांवर इंचात किती पिक, म्हणजे आडवे धागे, पडणार हे ठरते. चाक बदलले तरी मागाची मोटर तीच राहते, फक्त तिचे काम किती घट्ट किंवा सैल वाटले जाईल ते बदलते. क्राऊन-पिनियनचेही तसेच आहे, ती इंजिनात एका अश्वशक्तीचीही भर घालत नाही. दातांची संख्या ४० ला १० अशी सरळ भागली जाणारी न ठेवता ४१ ला १० किंवा ३७ ला ९ ठेवतात, त्यालाही कारण आहे. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात आळीपाळीने क्राऊनच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी होते. जुनी गाडी घेताना हा आकडा स्वतः मोजता येतो. सपाट जागी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, फोर व्हील सोडवा, गिअर न्यूट्रल ठेवा, मागचे एकच चाक जॅकवर उचला आणि हँडब्रेक काढा. शाफ्टवर खडूने खूण करून उचललेले चाक हाताने बरोबर दोन फेऱ्या फिरवा. त्या वेळात शाफ्टच्या जितक्या फेऱ्या होतील तो तुमचा आकडा. दुसरे चाक जमिनीवर रोखलेले असल्याने एकाऐवजी दोन फेऱ्या घ्याव्या लागतात. फक्त मागच्या एक्सलला लॉक किंवा लिमिटेड स्लिप, म्हणजे दोन्ही चाकांना एकत्र धरणारी यंत्रणा, असेल तर ही रीत चालत नाही.

मोठ्या आकड्याची बाजू घेणाऱ्यांकडे इतिहासाचा भक्कम पुरावा आहे आणि तो नाकारू नये. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचा आकडा ४.८८ होता. युद्ध संपताच १९४५ साली तीच जीप शेतकऱ्यांसाठी सीजे-२ए या नावाने बाजारात आली तेव्हा कंपनीने तो ५.३८ केला, म्हणजे ४३ ला ८. इंजिनाचे कूळ तेच, पण नांगर आणि ट्रॉली ओढायची म्हणून क्राऊन-पिनियन बदलली. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली ती याच परंपरेतून. म्हणजे काम बदलले की आकडा बदलायचा, हे तत्त्व खरे आहे. पण तेव्हाची परिस्थितीही पाहायला हवी. त्या जीपचे पेट्रोल इंजिन साठेक अश्वशक्तीचे होते, गिअर तीनच होते आणि ताशी ९० च्या पुढे जाण्याची अपेक्षा कोणाची नव्हती. आजच्या पिकअपला पाच-सहा गिअर असतात आणि टर्बो डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतच भरपूर ओढ देते. तेव्हा जे काम एका क्राऊन-पिनियनवर पडत होते, ते आज गिअरबॉक्समध्येच बरेचसे होऊन जाते.

आता महामार्गावरचा हिशेब. २१५/७५ आर १५ हा बोलेरोच्या घराण्यात रुळलेला टायर घेऊ. त्याची उंची ७०० मिलिमीटरच्या थोडी वर, एका फेरीत तो सव्वादोन मीटरच्या किंचित आत अंतर कापतो. ताशी ८० ला चाकाच्या मिनिटाला सुमारे ६०० फेऱ्या होतात. टॉप गिअर ०.८ धरला तर ४.१ च्या आकड्यावर इंजिन १९८० च्या आसपास फिरते आणि ४.८८ वर २३५० च्या. अशा मध्यम डिझेल इंजिनाची सगळ्यात चांगली ओढ साधारण १४०० ते २२०० फेऱ्यांच्या पट्ट्यात असते. म्हणजे पहिल्या आकड्यावर गाडी पट्ट्यात राहते आणि दुसऱ्यावर बाहेर पडते, आवाज वाढतो, डिझेलही जास्त लागते. मालेगाव ते नाशिक शंभरेक किलोमीटर आणि धुळे पन्नासेक. आठवड्यातून चार वेळा ही वाट धरणाऱ्याला हा फरक वर्षभर खिशातून भरावा लागतो. याउलट ज्याची गाडी साठ-पासष्टच्या वर कधी जातच नाही, तिचे इंजिन ४.८८ वरही पट्ट्यातच राहील. त्याला ही अडचण जाणवणार नाही, हेही तितकेच खरे.

घाटात मोठा आकडा किती कमावतो, तेही मोजून पाहू. माल धरून गाडीचे वजन २९०० किलो आणि चढ दहाला एक. चढासाठी २९० किलोचा जोर लागतो, रस्त्याच्या घर्षणासाठी आणखी पंचेचाळीसेक, मिळून ३३५. इंजिनाची ओढ १९५ न्यूटन-मीटर, तिसरा गिअर १.४ आणि वाटेत दहा टक्के गळती धरली, तर ४.१ वर चाकाशी २९० च्या आसपास किलोचा जोर पोहोचतो आणि ४.८८ वर ३४८ चा. म्हणजे पहिल्या गाडीला दुसरा गिअर टाकावाच लागेल आणि दुसरी तिसऱ्यावर कशीबशी चढेल. इथपर्यंत गॅरेजवाल्याचे म्हणणे बरोबर ठरते. पण पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही: दुसरा गिअर टाकल्याने बिघडले काय? २००० फेऱ्यांवर ४.१ ची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ताशी २८ ने चढते आणि ४.८८ ची तिसऱ्यात ३९ ने. तीन किलोमीटरचा असा सलग चढ धरला तरी फरक दोन मिनिटांचाही पडत नाही. उतारावर मोठ्या आकड्याचा एक लाभ मात्र खरा आहे. त्याच गिअरमध्ये इंजिनाचा रोध एकोणीस टक्क्यांनी वाढतो आणि ब्रेक तितके कमी तापतात. रोज भरल्या गाडीने घाट उतरणाऱ्याने याला किंमत द्यावी. एरवी उतारालाही एक गिअर खाली टाकून तेच साधते. आणि गाडी क्षमतेच्या दीडपट भरून आकडा वाढवणाऱ्याने हे समजून घ्यावे की त्याने चढायची सोय केली आहे. ब्रेक, पाटे आणि टायर होते तेवढेच राहिले आहेत.

खरी कसोटी पाणंदीत लागते. त्याच २९०० किलोच्या गाडीत मागच्या एक्सलवर १८०० आणि पुढच्यावर ११०० किलो वजन आहे असे धरा. मागच्या प्रत्येक चाकावर ९०० किलो. डावे चाक गाळात गेले. तिथे पकड वजनाच्या दहा टक्के, म्हणजे ९० किलो. उजवे चाक बांधाच्या कडक मातीवर आहे, तिथे पकड पन्नास टक्के, म्हणजे ४५० किलो. साध्या, म्हणजे ओपन डिफरन्शियलचा नियम जोर सारखा वाटण्याचा. डावे चाक ९० पेक्षा जास्त घेऊच शकत नाही, ते फिरत सुटते. मग उजव्यालाही ९० च मिळतात. एकूण जोर १८०. चिखलातून गाडी हलायला वजनाच्या दहा टक्के, म्हणजे २९० किलो लागतात. गाडी रुतली. आता फोर व्हील टाका. पुढचेही एक चाक त्याच गाळात असेल तर पुढून ५५ आणि ५५ मिळून ११० आले, एकूण २९०. लागतात २९० आणि मिळतात २९०, त्यामुळे गाडी जागच्या जागी चिखल उडवत राहते. चारही चाकांना जोर जातो म्हणून फोर बाय फोर घेतली, तरी दोन साधे डिफरन्शियल असलेली गाडी दोन चाके घसरताच थांबते ती अशी. या हिशेबात क्राऊन-पिनियनचा आकडा कुठेच आलेला नाही, कारण तो ४.१ ठेवा, ४.८८ ठेवा किंवा ५.३८ ठेवा, उत्तर १८० आणि २९० च येते. आता फक्त मागचा एक्सल लॉक झाला असे समजा. दोन्ही चाके एकत्र फिरतात, गाळातले ९० देते आणि बांधावरचे ४५०. मागूनच ५४० झाले. पुढच्या एक्सलची मदत न घेताही गाडी बाहेर येते.

यावर असा मुद्दा निघेल की चिखलात सावकाश आणि जोरात चालायला मोठा आकडा हवाच. सावकाश चालणे महत्त्वाचे आहे, पण ते काम पुढच्या-मागच्या एक्सलकडे जोर पाठवणाऱ्या ट्रान्सफर केसमधल्या लो रेंजचे. लो रेंज साधारण अडीचपट, पहिला गिअर चारपट आणि क्राऊन-पिनियन ४.१ धरली, तर गुणाकार ४१ होतो. इंजिन १००० फेऱ्यांवर असताना गाडी ताशी सव्वातीन किलोमीटरने सरकते, म्हणजे चालणाऱ्या माणसापेक्षाही हळू. पूर्ण ओढ लावली तर चाकाशी जवळपास दोन टनांचा जोर तयार होतो. उलट चारही चाके कडक मातीवर असली तरी २९०० किलोच्या गाडीला मिळणारी एकूण पकड साडेचौदाशे किलो. इंजिन आधीच जमिनीला झेपेल त्याहून जास्त ओढते आहे. तिथे आकडा वाढवून मिळालेली जादा ओढ चाक फिरवण्यातच जाते.

मग पकडीसाठी काय घ्यावे? लिमिटेड स्लिपमध्ये क्लचच्या प्लेटा असतात. त्या दोन्ही चाकांना काही अंशी एकत्र धरतात, रस्त्यावर सौम्य वागतात, पण प्लेटा झिजतात आणि तेलही खास लागते. आपोआप लागणारा यांत्रिक लॉक वेगळा. ईटन कंपनीचा असा लॉक २०१५ पासून महिंद्रा थारच्या मागच्या एक्सलला मिळू लागला. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला शंभरेक फेऱ्यांचा फरक पडला की तो धरतो आणि ताशी तीसेकच्या वर धरत नाही. चालकाला बटण दाबावे लागत नाही, हा कामाच्या गाडीत मोठा गुण आहे, कारण गाडी रोज एकच माणूस चालवेल याची खात्री नसते. हायलक्समध्ये मागच्या एक्सलला बटणाने लागणारा इलेक्ट्रॉनिक लॉक आहे. तो शंभर टक्के धरतो, पण अडकण्याआधी लावावा आणि डांबरावर येताच काढावा लागतो. नव्या गाड्यांत फिरणाऱ्या चाकालाच ब्रेक लावून दुसऱ्याकडे जोर वळवणारी यंत्रणाही असते. थोड्या गाळात ती काम करते, लांबलचक चिखलात मात्र ब्रेक तापवते. लॉकमुळे एक्सल तुटतात, हा आक्षेप निराधार नाही. लॉक असताना भरल्या गाडीचा सगळा जोर एकाच बाजूच्या शाफ्टवर येऊ शकतो. पण शाफ्ट बहुधा तुटतो तो फिरत सुटलेल्या चाकाला अचानक कडक जमीन मिळाल्यावर बसणाऱ्या हिसक्याने, आणि ओपन डिफरन्शियलची गाडी रेस करकरून काढणारा चालक तो हिसका रोजच देत असतो. हँडब्रेक थोडा ओढून फिरते चाक रोखण्याची जुनी युक्तीही खरी आहे, लॉक नसेल तेव्हा जरूर वापरावी. मात्र तिला मर्यादा आहे आणि ब्रेकची लायनिंग त्यात खर्ची पडते.

क्राऊन-पिनियन बदलणे योग्य ठरते अशी एक परिस्थिती मात्र आहे, ती म्हणजे मोठे टायर. मूळ ७०३ मिलिमीटरच्या जागी ३१ इंची, म्हणजे ७८७ मिलिमीटरचा टायर चढवला की ४.१ चा परिणाम ३.६६ सारखा होतो. गाडी घाटात दमते, स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा प्रत्यक्षात वेग ८९ च्या वर असतो. मूळची चाल परत हवी तर ४.६ च्या जवळचा आकडा शोधावा लागेल. पण मालवाहू पिकअपला इतके मोठे टायर कशाला, याचे समाधानकारक उत्तर क्वचितच मिळते. गाळात रुंद, गुळगुळीत टायरपेक्षा मूळ मापाचे, खोल नक्षीचे टायर आणि योग्य हवा अधिक उपयोगी पडतात.

फोर बाय फोरमध्ये क्राऊन-पिनियन बदलण्याचा खर्च दुप्पट होतो, हे तर सांगितलेच जात नाही. बहुतेक पिकअपमध्ये फोर व्हील टाकल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये घट्ट जोडले जातात. दोन्ही एक्सलचा आकडा एकच हवा. मागे ४.८८ बसवून पुढे ४.१ तसाच ठेवला, तर दर किलोमीटरला दोन शाफ्टांमध्ये साडेतीनशे फेऱ्यांचा फरक पडेल. तो फरक टायर घासून, शाफ्ट पिळून किंवा ट्रान्सफर केस फोडूनच भरून निघतो. टू व्हीलमध्ये काही जाणवत नाही, म्हणून हा दोष विकणाऱ्याला सहज लपवता येतो. दोन एक्सलमधला फरक एक टक्क्याच्या आत राहावा. त्यामुळे मागे नवे टायर आणि पुढे झिजलेले ही आपल्याकडची रीतही फोर बाय फोरला घातक आहे. ७०३ मिलिमीटरच्या टायरची उंची दहा मिलिमीटरने घटली तरी फरक जवळपास दीड टक्क्यावर जातो. कोरड्या डांबरावर फोर व्हील टाकू नये असे सांगतात तेही याचमुळे, कारण तिथे चाकांना घसरून फरक भरून काढायला वाव नसतो.

शिवाय क्राऊन-पिनियन बसवण्याचे काम नाजूक आहे. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात जोडीने घासून जुळवलेली असतात, म्हणून एकाची क्राऊन आणि दुसऱ्याची पिनियन कधीही चालत नाही. दोघींमधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, डायल गेज लावून मोजावी लागते. दातांना रंग लावून फिरवल्यावर ठसा दाताच्या मधोमध उमटायला हवा, टोकाला किंवा मुळाशी नव्हे. ठसा चुकला की काही हजार किलोमीटरमध्ये हौसिंग घुमू लागते. आकडा वाढवताना पिनियनचे दात कमी होतात, ती लहान होते आणि एका वेळी कमी दात पकडीत राहतात, म्हणजे ओढीसाठी बसवलेली जोडी मुळातच थोडी नाजूक असते. सुरुवातीचे काही शे किलोमीटर ती हलक्या लोडवर चालवून मग तेल बदलायचे असते. हंगामात गाडी उभी राहिली की रोज नुकसान होते, अशा धंद्यात हे पथ्य किती जण पाळतील?

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. मोठे टायर किंवा एक्सलमधला बदल त्यात येतो का, हे एमएच-४१ च्या म्हणजे मालेगावच्याच उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे आधी विचारून घ्यावे. वॉरंटी चालू असेल तर कंपनीकडेही विचारावे. अपघातानंतर विचारून उपयोग होत नाही.

म्हणून कसमादेतल्या शेतकऱ्याने किंवा व्यापाऱ्याने नवी फोर बाय फोर घेताना कंपनीचा आकडा आणि कंपनीच्याच मापाचे टायर ठेवावेत, आणि हातात जे जादा पैसे असतील ते मागच्या एक्सलच्या लॉकवर किंवा लिमिटेड स्लिपवर घालावेत. गाडी मुख्यतः घाटात आणि भरून चालते, साठ-पासष्टच्या वर जात नाही, एवढी खात्री असेल तर कंपनी देत असलेल्या पर्यायांतला मोठा आकडा निवडायला हरकत नाही, पण तो कारखान्यातून बसून आलेला असावा. आणि जुनी गाडी घेणाऱ्यांना एक विनंती: विकणाऱ्याच्या शब्दावर न जाता पुढचा आणि मागचा, दोन्ही एक्सलचा आकडा खडूची खूण करून स्वतः मोजा, आणि दोन आकडे जुळले नाहीत तर ती गाडी घेऊ नका.